एस्पुयासचं बुटकं दार

आमच्या एस्पुयास गावच्या चर्चला मनोरा नाही. पश्चिमेची भिंतच छपराच्या वर चढत जाते, निमुळती होते आणि तिथे दोन कमानींत दोन घंटा टांगलेल्या आहेत. त्यातली एक चिरकी. भिंती आदूर नदीतल्या गोट्यांच्या, एक ओळ डावीकडे झुकलेली तर तिच्यावरची उजवीकडे, अशा तिरक्या रचलेल्या. छपरावर पाटीच्या काळ्या दगडाच्या फरश्या. चर्च आठशे वर्षांचं आहे म्हणतात. मी तार्बच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून ‘म्हणतात’ असं लिहिते. वेदीमागचा अर्धगोल तेवढा नक्की तितका जुना आहे. बाकी सगळीकडे दर शंभर-दोनशे वर्षांनी कुणी ना कुणी येऊन आपली अक्कल पाजळून गेलंय. दक्षिणेच्या खिडक्या मोठ्या केल्या, वेदीवर सोनेरी खांब आणि गुबगुबीत देवदूत चढवले, पुरुषांना बसायला मागे लाकडी माडी काढली.

छत मात्र देखणं आहे. ओकच्या तुळया, एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. वर बघून माझी मान दुखते, तरी मी बघते.

ते छत कागोंनी केलं. कागो कोण होते हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं आणि नीट कुणालाच सांगता येत नाही. दिसायला आमच्यासारखे, बोली आमचीच, देवही तोच. पण त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे, पाणी वेगळं, लग्नं आपापसांत. धंदा एकच करू दिलेला, सुतारकाम, कारण लाकडातून विटाळ जात नाही असं लोक मानायचे. त्यांच्या हातचं छत डोक्यावर चालायचं, त्यांच्या हाताला हात लागलेला चालायचा नाही. चर्चमध्ये शिरायला त्यांना उत्तरेकडून वेगळं दार, तेही मुद्दाम बुटकं, म्हणजे आत येताना मान वाकलीच पाहिजे. दाराजवळ त्यांचं वेगळं पवित्र पाण्याचं भांडं आणि भिंतीलगत एक दगडी बाक. राज्यक्रांतीत राजाचं डोकं उडालं त्या सुमारास हे सगळं बंद झालं. दार गोट्यांनी बुजवलं, वर गिलावा मारला, आणि विषय मिटला असं ठरलं.

त्यात मी पडले ती आर्मांमुळे. आर्मां माझा नवरा. तो गेला त्या हिवाळ्यात मला कळलं की आपण बोललेला एक शब्द आणि त्यानंतरचा शब्द यांच्यामध्ये अख्खा आठवडा जाऊ शकतो. मला एकटेपणाची भीती वाटायची, सरळच सांगते. संध्याकाळी भांडी घासताना मी रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायला लागले, तेव्हा ठरवलं, आता काहीतरी काढायला हवं. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण मंडळ काढलं की माणसं येतात एवढा व्यवहार मला कळतो. मी चर्च दुरुस्ती मंडळ काढलं.

माणसं आली. शेजारची मायते आली, जिच्या आवाजाला भिंत पुरत नाही. मेयर कास्तेराँ आले. बेकरीवाला फाबियाँ आला. गुरुवारी मंडळाची बैठक मायतेच्या स्वयंपाकघरात व्हायची आणि दहा मिनिटांत तिचा पत्त्यांचा डाव व्हायचा. चौघंच होतो. पण मी बुधवारपासून खूश असायचे.

उत्तरेची भिंत खरवडताना दार सापडलं. ते उघडायचंच हा हट्ट माझा.

“कशाला उगाच?” मायते म्हणाली. “आधीच फादरांचं प्रवचन, त्यात वारा. म्हातारी माणसं पटापट मरतील.”

“म्हातारी माणसं म्हणजे आपणच.”

“तेच म्हणतेय मी.”

पण उघडलं. जून महिन्यात, गावाच्या जत्रेच्या दिवशी. आमच्या फादर कोसींकडे अशी चौदा गावं आहेत. ते टोगोहून आलेत आणि महिन्यातून एकदाच आमच्या वाट्याला येतात. त्या दिवशी मुद्दाम आले. कास्तेराँनी तिरंगी पट्टा लावून फीत कापली, इतिहासाबद्दल चार वाक्यं बोलले, त्यातली दोन चुकीची होती. मग सगळे त्या भोकासमोर उभे राहिले. आतून दगडाचा थंड वास येत होता.

“आता आधी कोण?” मी विचारलं.

कास्तेराँनी गुडघा दाखवला. फाबियाँ म्हणाला, नवी पँट आहे, बायको मारेल. मायते म्हणाली, “मी अडकले तर बंबवाले बोलवावे लागतील. त्यापेक्षा तू जा, तू काटकुळी आहेस.” सगळे हसले. मीही हसले, वाकले आणि आत गेले. बाहेर टाळ्या वाजल्या. आतल्या भांड्यात धूळ होती, सवयीनं बोट त्यात गेलं, तर मी ते पुसून टाकलं. मग मधून चालत जाऊन मोठ्या दारानं बाहेर पडले. तोवर सगळे वाइनच्या टेबलाकडे गेले होते. माझ्यामागून त्या दारानं कुणीच आत आलं नव्हतं. हे मला फार नंतर सुचलं.

त्या दुपारी निघताना मी मायतेकडे गाल पुढे केला. आमच्याकडे भेटताना, निघताना दोन्ही गालांना गाल लावायची पद्धत आहे.

“नको गं, सर्दी झालीय मला,” ती म्हणाली.

सर्दी होते माणसाला. मी काही मनाला लावून घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात बेकरीत गेले. फाबियाँ आतून आला तो भट्टीतलं लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊनच. त्यावर माझा गोल पाव होता. फावडं तसंच काउंटरवरून पुढे आलं आणि माझ्या पिशवीशी थांबलं.

“आज एवढ्या लांबून? मला भाजून काढणार आहेस का?”

त्यानं हातातल्या दांड्याकडे पाहिलं. “अरेच्चा. भट्टीवरून तसाच आलो वाटतं.” आणि हसला. गोड पोरगा आहे. त्याच्या हसण्यात काही काळंबेरं नव्हतं, आजही नाही असं मी शपथेवर सांगेन.

गुरुवारी मायतेनं कॉफी दिली. इतक्या वर्षांत कप तिनं माझ्या हातात दिलाय, नाहीतर पुढ्यात आपटलाय. त्या दिवशी तो पाव कापायच्या फळीवर ठेवून आला. पत्ते कास्तेराँनी वाटले. माझे पत्ते टेबलाच्या मधोमध पडले आणि मग त्यांनी गुण मांडायची लाकडी पट्टी घेऊन ते माझ्याकडे सरकवले. सरकवताना ते नगरपालिकेच्या नळाबद्दल बोलत होते, बोलणं जरासुद्धा अडखळलं नाही. पुढच्या गुरुवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.

वर्गात मी पोरांना सांगायचे, एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तरी योगायोग, तिसऱ्यांदा झालं की नियम शोधा. नियम सापडायला वेळ लागला नाही. माझ्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट लाकडावरून येत होती.

मी हसले. घरी येऊन एकटीच मोठ्यानं हसले, आणि मग दिवे लावून बसले.

ऑगस्टच्या मिस्साला, म्हणजे महिन्याच्या त्या एका प्रार्थनेला, मी मोठ्या दाराशी सगळ्यांच्या आधी पोचले, पवित्र पाण्यात बोटं बुडवली, क्रूसाची खूण केली आणि खांबाआड उभी राहिले. माझ्यामागून कास्तेराँ आले. त्यांचा हात पाण्याकडे गेला, पाण्यावर वीतभर थांबला आणि कोरडाच कपाळाला लागला. मायतेचं तसंच. फाबियाँ, त्याची बायको, सगळे ओळीनं कोरडे. सप्टेंबरात मी मुद्दाम सर्वांत शेवटी आत गेले आणि आधी बाहेरून बघत राहिले. सगळ्यांनी बोटं बुडवली. कुणी तर मुलाच्या कपाळावरही पाणी लावलं.

तरी ही माणसं मला टाळत नव्हती, हे इथे सांगायला हवं. “जेवायला ये की,” म्हणायची. फोन करायची. माझ्याकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंदच दिसायचा. फक्त माझ्याभोवतीच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या राहायच्या, आणि त्या रिकाम्या आहेत हे माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं.

शेवटी मी मायतेला गाठलं. ती बागेत घेवड्याच्या वाळक्या शेंगा सोलत बसली होती.

“मायते, माझ्या गालाला गाल तू शेवटचा कधी लावलास?”

“काय प्रश्न आहे! काल. फाटकाशी.”

“काल तू फाटकाच्या आत होतीस. नुसता हात हलवलास.”

“वेड लागलंय का तुला? तुझ्या साबणाचा वाससुद्धा आठवतोय मला. लव्हेंडरचा.”

“तो साबण मी मे महिन्यात सोडला.”

तिचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडी राहिली. मग ती उठली, ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, “ये इकडे, खुळे.” हे म्हणताना तिनं दोन्ही हात पसरले. मी पुढे झाले.

ती मागे सरकली.

मी थांबले. तिनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. “थांब,” ती म्हणाली. “तू जागची हलू नकोस, मीच येते.” तिनं जोर लावला, मला तो तिच्या खांद्यांत दिसला. पाय आणखी एक पाऊल मागे गेले आणि टाच वाफ्यात रुतली.

“मी नाही गं,” तिचा तो मोठा आवाज इतका बारीक झाला होता. “सोलांज, मी नाही सरकले.”

मग आम्ही दोघी रडलो, मध्ये घेवड्याची टोपली ठेवून. दुसऱ्या दिवशी तिला यातलं काही आठवत नव्हतं. उलट ती म्हणाली, “काल किती छान वाटलं तुला घट्ट मिठी मारून.”

दार पुन्हा बुजवायचं ठरवून मी मंडळाची बैठक बोलावली. नगरपालिकेच्या खोलीत चार खुर्च्या मांडून बसले. कुणी आलं नाही. नंतर तिघांनीही मला वेगवेगळं सांगितलं की बैठक उत्तम झाली, आणि दार राहू द्यावं असं मीच कळकळीनं म्हणाले. कास्तेराँ तर म्हणाले, “डोळ्यांत पाणी आणलंत तुम्ही, मादाम.”

गाव सोडायचाही विचार केला. पण जायचं कुणाकडे? माझी माणसं इथेच होती, रस्त्याच्या पलीकडे, दिवे लागलेल्या खिडक्यांत. मला दुसरी नको होती. मला हीच हवी होती आणि ती माझ्यापासून हातभर लांब होती.

उरले फादर कोसी. ते बाहेरचे, म्हणून मला आशा होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्या गावात अशी एक विहीर होती,” ते म्हणाले. मी वाट पाहिली, पण विहिरीबद्दल ते पुढे बोलले नाहीत. मग म्हणाले, “सेंट मार्टिनच्या सणाला या. सगळा गाव येतो. मायतेच्या शेजारी बसा, अगदी पुढे. मिस्सामध्ये शांतीची खूण द्यायची वेळ येते, तेव्हा प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा असतो. तो कुणी नाकारू शकत नाही. चर्चमध्ये तरी नाही.”

“आणि नाकारला तर?”

“तर मी मिस्सा पुढे नेणार नाही.”

ते मनापासून बोलत होते. फक्त बोलताना त्यांनी टेबलावरचा लाकडी क्रूस उचलून आमच्या दोघांच्या मध्ये धरला होता.

मायतेला मी सांगून ठेवलं, माझी खुर्ची धर. ती म्हणाली, “पर्स ठेवते तिच्यावर. आणि उशीर करू नकोस, तुझ्या खुर्चीवरून मला भांडण करायला लावू नकोस.”

नोव्हेंबरातली सकाळ, धुकं, चिरक्या घंटेचा आवाज ओला. मी निळा कोट घातला. आर्मांला तो आवडायचा. मोठ्या दाराशी लोक उभे होते, काहींनी मला बघून हात वर केला. मी त्यांच्याकडे चालत गेले. मोठ्या दारापुढे फरसबंदी आहे. माझे बूट भिजले तेव्हा मला कळलं की मी गवतात आहे.

उत्तरेच्या बाजूला गवत आहे.

मी परत फिरले. कोपऱ्यापर्यंत भिंतीला एक हात लावून आले, मोठं दार दिसलं, त्याची कडी दिसली, नजर तिच्यावरून ढळू दिली नाही. कडी दिसत होती. मग गोटे दिसले, डावीकडे झुकलेली ओळ, उजवीकडे झुकलेली ओळ, आणि खाली बुटकी चौकट.

आत गाणं सुरू झालं होतं.

मी पुन्हा एकदा गेले. या वेळी पळत गेले. या वयात मी पळाले. धापा टाकत उभी राहिले ती तिथेच.

मायतेला आतापर्यंत खुर्चीवरून भांडावं लागलं असेल असं मनात आलं आणि मला हुंदका फुटला. मग मी वाकले.

आत कोपऱ्यात कुणी नव्हतं. भांड्यात पाणी होतं. मी ते कधी भरलं नव्हतं. गार दगडी बाकावर बसले. समोर सगळ्या गावाच्या पाठी होत्या, ओल्या कोटांचा वास, खोकले. मला पहिल्या रांगेतली मायते दिसत होती आणि तिच्या शेजारी पर्स ठेवलेली रिकामी खुर्ची. उठून तिकडे जाण्याचा मी प्रयत्न केला. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

वाचनं झाली. प्रवचन झालं, ते मायतेला लांबलचक वाटलं असणार. वेदीवर भाकर आणि द्राक्षारस ठेवले गेले.

“एकमेकांना शांतीची खूण द्या,” फादर म्हणाले. त्यांची नजर पहिल्या रांगेवर होती.

खुर्च्या करकरल्या. सगळे एकमेकांकडे वळले.

मायते आपल्या शेजारच्या खुर्चीकडे वळली. पर्स तिनं केव्हाच उचलून मांडीवर घेतली होती. ती त्या रिकाम्या जागेकडे बघून हसली, हात पुढे केला आणि हवेत धरून प्रेमानं हलवला. मग वाकली. एक गाल, मग दुसरा गाल. मागच्या रांगेतून कास्तेराँ पुढे झुकले आणि त्यांनीही त्या खुर्चीशी हात मिळवला. फादरांनी हे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

मी कोपऱ्यात उभी होते. माझा हात पुढे होता. तो खाली घ्यायचं मला सुचेना.

इकडे कुणी पाहिलं नाही.

मग शेजारून, बाकावरून, कुणीतरी तो हातात घेतला.

कोरडा, उबदार हात होता. तळव्याला घट्टे, अंगठ्याचं नख दबून जाड झालेलं. अवजार धरणाऱ्याचा हात. जूनपासून मला लागलेला पहिला हात. मी वळून पाहिलं नाही. सोडवून घ्यावा असंही वाटलं नाही, उलट मीच तो घट्ट धरला.

ज्याला शांती मिळते त्यानं ती पुढे द्यायची असते. मी दुसऱ्या बाजूला वळले, तर तिथे एक हात आधीच पुढे आलेला होता. त्याच्यामागे आणखी एक. एक तर इतका लहान होता की मला वाकावं लागलं.

सगळ्यांशी हात मिळवून होईपर्यंत फादरांची पुढची प्रार्थना संपत आली होती.